भोकाचे पान

फार वर्षांपूर्वी बांधापलीकडून एका बाईचा गाता आवाज यायचा : ‘अळीने चाखले पान, ते माझ्या लेकराला छान.’ त्या काळी समित्या नसल्यामुळे लोक असल्या गाण्यांवर भागवत. आता प्रगती झाली आहे. जे पान अळीलाही आवडत नाही, तेच आजाऱ्याला द्यावे, हे आमच्या कर्करोग रुग्णालयाच्या ‘शेतातून थेट खाटेवर’ समितीने एकमताने ठरवले. (एक सदस्य झोपले होते; झोप ही संमती धरली.)

योजना सोपी होती. गावाबाहेरच्या मळ्यातून ताजी भाजी यायची, उपचार घेणाऱ्यांना टोपली मिळायची, टोपलीचा फोटो निघायचा. पहिल्या आठवड्यात मळेवाल्याने आणलेल्या पालकाला भोके होती. आहारतज्ज्ञ बाईंनी एक पान खिडकीशी धरले, तर त्यातून समोरचा दवाखाना दिसला. फोटोत हे शोभेना. ‘भोक दिसल्यास माल परत’ असा ठराव झाला.

पुढच्या आठवड्यापासून पाने अशी आली, की त्यांत तोंड पाहून भांग पाडावा. अळ्यांनी ठराव मनावर घेतला असावा. कारण विचारणे सभ्यपणाचे नव्हते. समितीने मळेवाल्याला आदर्श शेतकरी ठरवले.

त्याची थोरली बहीण आमच्याच वॉर्डात, सातव्या खाटेवर. औषधांनी तिचे केस गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. तिच्या वाट्याची टोपली तो दर वेळी उचलून न्यायचा आणि घरच्या वाफ्यातली भाजी ठेवायचा. (समितीने अहवालात याची नोंद ‘बंधुप्रेम’ अशी घेतली.)

“बारक्या, सगळ्यांची भाजी नवरीसारखी, अन् माझीच तेवढी फाटकी का रे?”

“तुला कोण बघायला येणारंय? खा गुमान.”

“मेल्या, बरी होऊ दे, मग बघते तुझ्याकडे.”

वर्धापनदिनी सभागृह भरले. देणगीदार, डॉक्टर, नातेवाईक, सगळे. आदर्श शेतकऱ्याच्या टोपलीतले पहिले पान त्याच्याच बहिणीने खावे, ही कल्पना अध्यक्षांची. त्यांचे डोळे आधीच पाणावले होते. बहिणीला खुर्चीवर बसवले, हातात तुकतुकीत पान दिले. फोटोवाला म्हणाला, “मावशी, जरा हसा.” ती हसली आणि पान तोंडाकडे नेले.

मळेवाल्याने तिचे मनगट धरले.

“ताई, टाक ते.”

“अरे, फोटो काढतायत.”

“काढू देत. फवारलेलं आहे. परवाच फवारलंय.”

अध्यक्षांनी माइक हाताने झाकला. “अहो, मग बाकीच्या आजाऱ्यांना इतके दिवस…?”

“हेच.” तो खाली बघत होता. बहिणीने आपला हात सोडवून घेतला आणि वॉर्डातल्या बायका बसल्या होत्या त्या रांगेकडे पाहिले. मग त्याच्याकडे.

“आणि मला वेगळं आणायचास?” ती म्हणाली. “बोल की. आता तरी बोल.”

“बोलतो. भोकाचं आणलं, यांनी परत पाठवलं. बाजारात नेलं, तिथंही कुणी हात लावेना. मग मी फवारलं. चुकलं माझं, पोलिसात द्या.” त्याने मान वर करून सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली. “पण आधी, भोकाचं पान बघून ज्यानं जुडी खाली ठेवली नाही, असा एक जण उठून उभा राहू दे.”