काळ्या बुरुजाची मोहीम, अर्थात बटाट्याचे काप सर केल्याची हकीकत

सकल जाणत्या, भुकेल्या आणि नुकत्याच जेवून उठलेल्या मंडळींस विदित व्हावे की, ही हकीकत श्रीमंत घड्याळजीसाहेब, वय वर्षे चौसष्ट, चाळीस वर्षे लोकांची बंद घड्याळे चालू करणार आणि स्वगृही चहापलीकडे गॅस न पेटविणार, यांनी एअर फ्रायर नामक, गरम वाऱ्याने पदार्थ भाजणाऱ्या यंत्रावर केलेल्या स्वारीची आहे. आणि लिहिणार खुद्द घड्याळजीच असल्याकारणे, जेथे शौर्याचे वर्णन येईल तेथे वाचणाराने निम्मे सोडून द्यावे, आणि जेथे फजितीचे येईल तेथे आपल्या मनाने आणिक थोडी घालावी, म्हणजे खरे तेवढे हाती राहील.

मोहिमेचे कारण ऐसे जे, घड्याळजींचे कुटुंब, सरकार बाईसाहेब, शाळेत तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त जाहलेल्या, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि उजवे मनगट मोडले, आणि हाडांच्या डॉक्टरांनी बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर चढवून सहा आठवड्यांची कैद फर्माविली. स्वयंपाकघराची गादी रिकामी पडली. मग कोपऱ्यावरल्या खानावळीचा डबा सुरू जाहला, परंतु बाईसाहेब दोन घास घेत आणि भूक नाही म्हणून ताट सारीत, आणि दहा दिवसांत गालांची हाडे दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, अंडी, मासळी, कोंबडी पोटात गेल्याखेरीज हाड नीट जुळणार नाही. मग बुधवारी बाईसाहेबांनी फर्मान काढिले की, रविवारी धाकटी बहीण गाडी घेऊन येईल आणि आपण प्लास्टर निघेतो तिजकडे राहावयास जाऊ.

घड्याळजींनी कारण पुसिले.

"तुमची ओढाताण होते," एवढेच त्या म्हणाल्या.

हे खोटे आहे हे घड्याळजींनी तत्काळ ओळखिले, कारण ओढाताण म्हणावी ऐसे कोणतेही काम त्यांनी केलेच नव्हते. आणि घरात दोघेच असता त्यांतील एक महिनाभर जाणार, या विचाराने स्वारींचे काळीज चरकले. मात्र तोंडाने ते "बरं" म्हणाले, जो त्यांचा जुना दोष आहे.

घरात एक यंत्र होते. परगावी परिचारिका असलेल्या लेकीने ते मागल्या वर्षी धाडिले होते. काळे, गोल, बुरुजासारखे. त्याच्या टोपलीत आजवर कांदे नांदत होते. स्वारींनी कांद्यांस अन्यत्र जागा दिली आणि लेकीस फोन लाविला.

"बाबा, सोपं आहे," ती म्हणाली. "तापमान लावायचं, वेळ लावायची, बटण दाबायचं. तुम्ही तर घड्याळजी."

या वाक्याने स्वारींची छाती फुगली, आणि पुढील सर्व अनर्थाचे मूळ ते फुगणे होय.

बुधवारी सायंकाळी प्रथम बटाट्यांवर हल्ला जाहला. सोबतच्या पुस्तिकेत दोनशे अंश आणि वीस मिनिटे ऐसा आकडा होता. घड्याळजींनी चार बटाटे कापिले, कोणी अंगठ्याएवढा, कोणी आगपेटीएवढा, आणि टोपली काठोकाठ भरून दार लाविले, आणि चालू यंत्र मध्येच उघडणे हे आपल्या पेशात पाप म्हणून वीस मिनिटे समोर हात बांधून उभे राहिले. मग घंटा वाजली आणि दार उघडिले, तो वरली फळी जळून खाक, मधली अर्धमेली, आणि तळची फळी ओली आणि कच्ची, तिला युद्ध जाहल्याची खबरही नव्हती. बाईसाहेबांनी ताट पाहिले. "छान वास येतोय," म्हणाल्या, आणि भूक नाही म्हणाल्या.

गुरुवारी मासळीवर स्वारी केली. पुस्तिकेप्रमाणे दोनशे अंश, बारा मिनिटे. परंतु तो आकडा जाड तुकड्यांचा, आणि स्वारींनी आणिलेले तुकडे पातळ, ज्यांस आठ पुष्कळ जाहली असती. शिवाय टोपलीस तेलाचा हात लावावयाचा राहिला. मासळी जाळीस ऐशी चिकटली की तिला सोडविताना तिचे मासळीपण गेले. धूर जिन्यापर्यंत पोहोचला, आणि वरल्या मजल्यावरचे निवृत्त बस ड्रायव्हर पाण्याची बादली घेऊन दारात उभे ठाकले.

"घड्याळजी, आग कुठंय?"

"आग नाही. स्वयंपाक आहे."

ड्रायव्हरांनी बादली खाली ठेविली, आत येऊन रणभूमी पाहिली, आणि कालच्या बटाट्यांची हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाले, "तुम्ही टोपलीत उभे प्रवासी घेता. गाडी गच्च भरली की वाऱ्याला वाट राहत नाही. बसतील तेवढेच घ्या. आणि अर्ध्या रस्त्यात एकदा दार उघडून सगळ्यांना हलवा, म्हणजे मागचे पुढे येतात."

चाळीस वर्षे सूक्ष्म यंत्रे उघडणाऱ्या गृहस्थास ही गोष्ट बस हाकणाऱ्याने शिकवावी लागली, हे येथे मुद्दाम नमूद करितो.

शुक्रवारी एकशे पन्नास अंशांवर तेरा मिनिटे ठेविलेली अंडी सोलली तो आत घट्ट निघाली, पाण्याचा थेंब न लागता. मग कोंबडीच्या तंगड्या एकशे नव्वदवर पंचवीस मिनिटे चढविल्या, मध्ये उलटल्या, आणि हाडापाशी गुलाबी दिसल्या म्हणून आणिक पाच मिनिटे दिली, तो कातडी खरपूस आणि आत रसाळ. स्वारींनी मनातल्या मनात नौबत वाजविली. आणि आपण केलेले पुरे न वाटून त्यांनी मांस सोडवून त्यावर डब्यातला पातळ रस्सा ओतिला, वर चमचा ठेविला, आणि वाडगा बाईसाहेबांपुढे नेऊन ठेविला.

"खाते हळूहळू," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा, तुमचं आवरा."

स्वारी निघाली, पण चष्मा विसरली म्हणून दारातून वळली, आणि जे पाहिले ते ऐसे. बाईसाहेबांनी डाव्या हातात चमचा धरिला होता. चमचा वाडग्यातून निघाला, कापत कापत अर्ध्या वाटेपर्यंत आला, आणि कलंडला. रस्सा मांडीवर सांडला. त्यांनी घाईने पदराने पुसिला आणि चमचा परत ठेविला आणि कोणी पाहिले तर नाही ना म्हणून मान वळविली. घड्याळजी तेवढ्यात भिंतीआड जाहले.

मग न्हाणीघरात जाऊन पाहिले, तो कोपऱ्यातल्या बादलीत दोन साड्या भिजत घातलेल्या, पुढल्या बाजूस पिवळे डाग, एका हाताने चोळून अर्धवट निघालेले. घड्याळजी बादलीशेजारी पाटावर बसून राहिले. भूक नव्हती ऐसे नव्हते. भूक रोज होती. वर्गात पन्नास पोरांस एका नजरेत गप्प करणाऱ्या बाईस नवऱ्यासमोर अंगावर सांडण्याची लाज होती, आणि बहिणीसमोर ती नव्हती. आणि हे इतके दिवस आपण रोज डब्यातला रस्साच वाढीत होतो. बखरकारास या ठिकाणी स्वारींचे जे काही जाहले ते लिहिण्यास योग्य शब्द सापडत नाही, सबब सोडून देतो.

शनिवारी घड्याळजींनी आयुष्यातील एकमेव मुत्सद्दीपणा केला: पाहिल्याचे अक्षरही काढिले नाही.

"अगं, बटाटा काही जमत नाही," म्हणाले. "तू गणिताची. जरा येऊन बघतेस?"

बाईसाहेब आल्या आणि स्टुलावर बसल्या, आणि मग इतक्या दिवसांनी त्या घरात खरा हुकूम ऐकू आला.

"काप बोटाएवढे करा. सगळे एका मापाचे. आता अर्धा तास पाण्यात ठेवा. अहो, असे ओले नका टाकू, आधी पुसा. चमचाभर तेल चोळा. एक थर पुरे. एकशे ऐंशीवर दहा मिनिटं, मग हलवा, मग दोनशेवर सात."

"पण पुस्तकात एकदम दोनशे आहे."

"पुस्तकवाल्याचा बटाटा आपल्या घरी नाही. आधी आतून शिजू दे, रंग मागाहून येतो."

त्यामागून कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे, बोटांत धरता येतील एवढे, एकशे नव्वदवर बारा मिनिटे. आणि गाजराच्या कांड्या तितक्याच आचेवर पंधरा. सर्व कोरडे, सर्व उचलून खाण्याजोगे. मग घड्याळजींनी दोघांत एकच ताट मांडिले, चमचा एकही ठेविला नाही, आणि स्वतःच्या उजव्या हातास पट्टी गुंडाळून डाव्या हाताने खावयास बसले.

"हाताला काय झालं?"

"पोळला."

"दाखवा." बाईसाहेबांनी डाव्या हाताने पट्टी सोडविली आणि तळहात उलटासुलटा केला. "कुठं पोळलाय?"

"आतून."

त्या क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांस सर्व कळले, आणि त्यांस कळले हे घड्याळजींस कळले. त्यांनी पट्टी पुन्हा गुंडाळिली, जरा घट्टच. मग एक काप उचलिला. तो वाटेत कोठेही न पडता तोंडी पोहोचला. घड्याळजींच्या डाव्या हातून दोन गाजरे आणि एक कोंबडीचा तुकडा सदऱ्यावर पडून गेला, आणि बाईसाहेब हसू लागल्या, आणि हसता हसता ताट रिकामे जाहले.

रविवारी दुपारी मेहुणीबाई गाडी घेऊन दाखल जाहल्या. बाईसाहेबांनी त्यांस बसविले आणि म्हणाल्या, "जेवून जा. हे करतायत. मी येईन गं, प्लास्टर निघाल्यावर. चार दिवस."

मेहुणीबाईंनी बहिणीचे तोंड निरखून पाहिले आणि हात धुवावयास उठल्या.

येणेप्रमाणे काळा बुरूज पाचव्या दिवशी सर जाहला. फत्ते कोणाची म्हणाल, तर मसलत ड्रायव्हरांची, हुकूम बाईसाहेबांचा, आणि चटके तेवढे घड्याळजींचे. बाईसाहेबांनी अकरा काप आणि सहा तुकडे स्वहस्ते खाल्ले, हे साक्षीनिशी नमूद केले आहे, आणि मेहुणीबाई पोटभर जेवून एकट्याच परत गेल्या. इतके लिहून लेखणी खाली ठेविली, कारण टोपली घासावयाची आहे.