आरोपी जनार्दन किसन खिल्लारे

आमच्या शेजारच्या अंगणात रोज संध्याकाळी सहाला एका आरोपीच्या नावाचा तीनदा पुकारा होतो. "जनार्दन किसन खिल्लारे हाजीर हाय काऽऽय?" आवाज इतका खणखणीत, की कॉलनीतल्या बायका कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरतात. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर जरा शांतता होते आणि मग एक पडेल, ओशाळलेला आवाज येतो, "हाजीर हाय, साहेब." दोन्ही आवाज एकाच माणसाचे.

जनार्दनकाका पस्तीस वर्षं कोर्टात शिपाई होते. दाराशी उभं राहायचं आणि नावं पुकारायची. आत न्याय करायचा तो दुसऱ्यांनी. पस्तीस वर्षं दाराबाहेर काढल्यावर माणसाला वाटणारच, की एकदा आपणही आत बसून बघावं. लोक रिटायर झाल्यावर किराणा दुकान काढतात, काकांनी वाशीमच्या आमच्या कॉलनीत कोर्ट काढलं.

कोर्टाचं सामान बेताचंच. न्यायाधीशाला हातांची प्लास्टिकची खुर्ची, आरोपीला तेलाचा पालथा डबा. खांद्यावर टॉवेल असला की काका न्यायाधीश, टॉवेल उतरवला की आरोपी. सरकारी वकील खुर्ची आणि डबा यांच्या मधोमध उभा राहून हातवारे करतो. तोही काकाच.

"आरोपीनं आज सकाई दूध गॅसवर ठेवलं आनि पेपरात तोंड खुपसून बसला. दूध उतू गेलं. गुन्हा कबूल?"

"कबूल, साहेब."

"काहून झालं असं?"

"ध्यान नोतं, साहेब."

"साठी उलटली तरी ध्यान नाई. असल्या मानसाले दूध द्यायचं कायले? दोन दिवस कोरा चहा. नोंद घ्या."

'नोंद घ्या' हे काकांचं पालुपद. नोंद घ्यायला कारकून नसतोच. पायरीवर भाजी निवडत बसलेल्या काकू मान वर न करता म्हणतात, "घेतली."

एकदा ऐन सुनावणीत कुरिअरवाला आला. त्यानं विचारलं, "जनार्दन खिल्लारे कोन?" काकांनी खुर्चीतूनच बोट दाखवलं, "आरोपी तिकडे बसते." कुरिअरवाल्यानं रिकाम्या डब्याकडे पाहिलं. काकांनी टॉवेल काढला, डब्यावर जाऊन बसले, सही केली, पार्सल घेतलं आणि परत खुर्चीत येऊन म्हणाले, "जावा तुमी." तो पोरगा तेव्हापासून आमच्या गल्लीतली पार्सलं कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवून पळतो.

भर मे महिन्यात एकदा काका एसटीत छत्री विसरले. शिक्षा झाली, अंगणात अर्धा तास उन्हात उभं राहायचं. मे महिन्यातलं वाशीमचं ऊन म्हणजे चेष्टा नाही. काकू घरातली दुसरी छत्री घेऊन त्यांच्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. काकांनी भाजत्या उन्हातच काकूंवर आरोपीला मदत केल्याचा गुन्हा लावला. काकू म्हणाल्या, "लावा. पन डोक्यावर टोपी घाला."

कायद्यापुढे सगळे सारखे, म्हणून कॉलनीलाही सोडत नसत. आम्हाला शिक्षा एकच होती, अबोला. पाण्याची टाकी वाहू दिली, आठ दिवस अबोला. भिंतीला खेटून मोटरसायकल लावली, पंधरा दिवस. मी टाकीवाला. माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन घरी आल्यावर कोणी आपल्याशी बोलत नाही हे मला बरंच वाटायचं. पण एका उन्हाळ्यात अर्धी कॉलनी अबोल्यात गेली आणि कोणाची शिक्षा कधी संपते याचा काकांचाच घोळ झाला. एकदा रस्त्यात मला गाठून दबक्या आवाजात म्हणाले, "मनोहर, तुही शिक्षा संपली काय रे? माह्या ध्यानात नाई. संपली असंन तर चहा प्यायले ये."

मी गेलो. चहा पिता पिता सहज विचारलं, "काका, तुमच्या कोर्टात न्यायाधीश आहे, सरकारी वकील आहे. आरोपीचा वकील कुठाय?"

काका बशीतला चहा फुंकत म्हणाले, "त्याची केस घ्यायले तयार कोन होईन, बापा?"

मी हसलो. आमच्या घरी जाऊन बायकोला सांगितलं, तीही हसली. मग जेवताना मला उगाचच ते परत आठवलं. मीसुद्धा एखाद्याला चुकीचं बियाणं दिलं की दिवसभर मनात स्वतःला गाढव म्हणत असतो. फक्त तीनदा पुकारा करत नाही, इतकंच.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. रोजचं कामकाज संपताना काका खुर्चीतून उठायचे आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "जुन्या केसमदली शिक्षा कायम." या वेळी 'नोंद घ्या' नाही. काकूही 'घेतली' म्हणायच्या नाहीत. एक दिवस मी काकूंनाच विचारलं.

"शांताची केस हाय थे," काकू म्हणाल्या.

शांताबाई काकांची धाकटी बहीण. अभ्यासात हुशार. दहावी झाली असती तर त्यांच्या वस्तीतली पहिली मुलगी ठरली असती. वडील म्हातारे, म्हणून परीक्षेला न्यायचं काम वीस वर्षांच्या जनार्दनकडे. भूमितीच्या पेपराला पहाटे निघून सायकलवर डबलसीट रिसोडला पोचायचं होतं. जनार्दनला झोप लागली. ती पोरगी आवरून त्याच्या उठण्याची वाट पाहत बसली आणि पुढे तीही भिंतीला टेकून झोपली. दोघं पोचली तेव्हा शाळेचं फाटक बंद झालं होतं. पेपर बुडाला. वडील म्हणाले, आता पुरे, आणि त्याच वर्षी तिचं लग्न रिठदला लावून दिलं. रिठदला सासरची भाजीची शेती. ती आजतागायत मेथी-वांगी काढते.

"आनि यायनं सोताले शिक्षा देल्ली," काकू म्हणाल्या, "का त्या बहिनीच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाई. चाळीस वर्षं झाले. तिच्या दोन पोरायचे लग्न झाले, मामा नाई. मीच जातो आयेर घेऊन. तब्येत बरी नाई म्हून सांगतो. आता धाकटीचं लग्न आलं."

दोन-चार दिवसांतच शांताबाई स्वतः पत्रिका घेऊन आल्या. एका हातात पत्रिका, दुसऱ्या हातात वांग्यांची पिशवी. नेमके सहा वाजून गेलेले. मी टाकीच्या नव्या गुन्ह्यासाठी कुंपणाशी उभा होतो. काकांनी त्यांना पाहिलं नाही. मला पंधरा दिवस सुनावले, दूध, चष्मा आणि उघडा राहिलेला नळ यांबद्दल स्वतःला भरपूर फैलावर घेतलं आणि उठून म्हणाले, "जुन्या केसमदली शिक्षा कायम."

"कोनती जुनी केस?" शांताबाईंनी विचारलं.

काका जागीच थिजले. काकूंनी मात्र हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि चाळीस वर्षांचं सगळं भडाभडा सांगून टाकलं. काका 'कोर्टाचा अवमान' असं काहीतरी पुटपुटले, तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

शांताबाई फाटकातच उभ्या होत्या. "म्हंजे तू माह्या घरी येत नाई थे याच्यासाठी?"

काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

"अन् मी काय समजून राह्यलो होतो? का भाऊ साहेब लोकायत रायते. बहीन दहावी नापास, भाजी विकते, चारचौघात सांगाले लाज वाटत असंन. सासरचे विचारे तं म्या सांगो, त्याले सुट्टी नाई भेटत. चाळीस वर्षं सुट्टी नाई भेटली तुले?"

काका खुर्चीत बसले नाहीत, डब्यावरही बसले नाहीत. दोहोंच्या मध्ये टॉवेल हातात धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. स्वतःला द्यायची म्हणून दिलेली शिक्षा आजवर खरोखर कोण भोगत होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. मी कुंपणापासून निघून जायला हवं होतं. पण पाय निघेना.

शांताबाईंनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि सरळ जाऊन त्या तेलाच्या डब्यावर बसल्या.

"माही साक्ष घे," त्या म्हणाल्या. "घडीचा गजर म्या बंद केलता."

"काय?"

"माहा भूमितीचा अभ्यास नोता. प्रमेय एक येत नोतं. म्हून गजर म्याच दाबला. तू लवकर उठाचा नाई म्हून. झोपाचं सोंगबी केलं. गुन्हा माहा हाय."

काकांनी विचारलं, "कोनत्या घडीचा?"

"कोनाड्यातल्या. टेबलघडी नोती काय आपली?"

काकांच्या ओठाचा एक कोपरा हलला, मला वाटलं आता उलटतपासणी सुरू होणार. पण त्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "साक्ष मान्य हाय. आरोपीले सोडून देन्यात येत हाय. नोंद घ्या."

"घेतली, घेतली," काकू म्हणाल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या. त्या दिवशी परत दूध उतू गेलं, पण कोर्ट उठलेलं होतं.

लग्नाला काका गेले. नवा सदरा घालून, मला बरोबर घेऊन, माझी पंधरा दिवसांची शिक्षा माफ करून. बहिणीच्या दारात पोचल्यावर मात्र पाऊल आत टाकवेना. उंबऱ्याशी घुटमळले, चप्पल काढली, परत घातली. शेवटी शांताबाईंनीच हाताला धरून आत ओढलं आणि सगळ्या पाहुण्यांना ओरडून सांगितलं, "हा माहा भाऊ. याले सुट्टी भेटली." काकांनी बौद्ध लग्नाची पांढरी साडी नेसलेल्या भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. मग मांडवात पंगत वाढत फिरले, दोनदा बुंदी सांडली, आणि स्वतःला एका शब्दानं बोलले नाहीत.

जेवणं झाल्यावर आम्ही मांडवाच्या कडेला पान खात बसलो. मला राहवेना. म्हटलं, "काका, कमाल आहे. शांताबाईंनी गजर बंद केला आणि तुम्ही चाळीस वर्षं फुकट शिक्षा भोगली."

काका पान चघळत म्हणाले, "आमच्या घरी घडीच नोती, मनोहर."

"मग ती कोनाड्यातली टेबलघडी?"

"पहिल्या बसचा आवाज आला का उठत होतो आमी. घडी म्या घेतली नोकरी लागल्यावर. तवा शांताचं लगन होऊन गेलतं." त्यांनी मांडवाकडे पाहिलं. शांताबाई कुणाला तरी जेवून जायचा आग्रह करत होत्या. "पस्तीस वर्षं कोर्टात काढले बापा म्या. खोटी साक्ष मले दारातूनच वयखू येते."

"मग मान्य कशी केली?"

"ज्याचं नुकसान झालं तेच मानूस आरोपीच्या बाजूनं खोटं बोलाले उठलं. मंग म्या इचार केला, का इले त्याच्यात असं काय दिसलं जे मले दिसलं नाई." काकांचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. आरोपीबद्दल ते इतक्या मायेनं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"वीस वर्षाचं पोट्टं होतं थे, मनोहर," काका म्हणाले. "आदल्या दिवशी अंधार पडेलोक पोते वाहून आलतं. झोप लागली त्याले."