आक्कांच्या पदराआडचा उजेड

भर दुपारी सुमनआक्का पदर डोक्यावरून पुढं ओढून बसल्या की समजायचं, आत मोबाईल आहे. पदराआड त्यांचा चेहरा कधी लाल दिसायचा, कधी हिरवा, कधी एकदम जांभळा. कुणाची चाहूल लागली की मोबाईल मांडीखाली जायचा आणि आक्का म्हणायच्या, "काय न्हाय गं, जप करत होते."

असा रंगीत जप करणारी बाई आख्ख्या बेळगावात दुसरी नसेल.

आक्का माझ्या शेजारीण. आम्ही एकाच शाळेत शिकवलं. त्या गणित, मी मराठी. त्या निवृत्त झाल्या, मी अजून खडू झिजवतेय. त्यांनी पोरांचे जेवढे मोबाईल जप्त केले, तेवढे खडेबाजारातल्या एखाद्या दुकानात नसतील. "मोबाईल म्हंजे हातात धरलेला शनी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता त्यांनाच खेळाचं वेड लागलेलं, आणि त्याची लाजही त्यांनाच सगळ्यात जास्त. चोरून तपकीर ओढावी तशा त्या खेळायच्या. गप्पा रंगल्या की मध्येच उठायच्या, "गॅसवर दूध हाय गं." आक्का चहासुद्धा कोरा पितात!

खेळ तसा साधा. अंधाऱ्या खोलीत उजेडाची तिरीप येते. आरसे फिरवून, रंगीत काचा सरकवून ती दारापर्यंत न्यायची. दाराच्या रंगाचाच उजेड पडला तर दार उघडतं. एकदा मी अचानक आत शिरले, तर आक्का मोबाईलशी तावातावानं भांडत होत्या, "लाल न् हिरवा मिळून पिवळा? कुठल्या शाळेत शिकलास रं बाबा?"

मला बघून गोऱ्यामोऱ्या झाल्या. "कुणाला बोलू नकोस हं. लोक तोंडात शेण घालतील."

त्यांचा एकुलता एक मुलगा विनायक पुण्यात. "बँकेत हाय," असं त्या सांगायच्या. बरेच दिवस तो घरी आला नव्हता. विचारलं, की लगेच दूध उतू जायचं.

गेल्या महिन्यात शाळेतल्या एका बाईंचे सासरे वारले. भेटायला आम्ही दोघी खानापूरला गेलो. आक्का बसमध्ये खिडकीकडं तोंड करून खेळत होत्या. उतरताना खेळ बंद करायचा राहिला. तिथं बायका डोळे टिपतायत, मी शब्द जुळवतेय, आणि आक्कांनी रुमालासाठी पिशवीत हात घातला. बोट कुठं लागलं कोण जाणे. सनई-चौघडा घुमला आणि मोबाईलमधली बाई आनंदानं ओरडली, "शाब्बास! दार उघडलं!"

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. आक्का काळ्याठिक्कर पडल्या. मोबाईल बंद होईना, म्हणून त्यांनी तो मांडीखाली दाबला.

घरातली धाकटी सून त्यांना सावरायला हळूच म्हणाली, "असू दे आक्का. मी बी खेळते हे. आपल्या बेळगावच्याच कुणी मुलानं केलाय म्हणे."

आक्कांनी मांडीखालचा मोबाईल बाहेर काढला. मग म्हणाल्या, "माझ्या विनायकानं."

"तो बँकेत हाय न्हवं?" कुणीतरी विचारलं.

"न्हाय. मी खोटं सांगत होते."

परतीच्या बसमध्ये त्या आपणहून बोलल्या. विनायकनं चांगली नोकरी सोडून खेळ बनवायला घेतला, तेव्हा त्यांनी पाहुण्यांच्या देखत त्याला सुनावलं होतं. "पोरखेळ करणाऱ्याची आई म्हणवून घ्यायची लाज वाटते, असं म्हटलं गं मी. तो ताटावरनं उठून गेला. लाज माझी मला वाटाय पायजे हुती."

"मग फोन करा की."

"कुठल्या तोंडानं करू?"

बेळगावात उतरलो. आक्का स्टँडवरच्या बाकावर बसल्या. बराच वेळ मोबाईल नुसता हातात. मी पाण्याची बाटली घेऊन आले, तोवर त्यांनी फोन लावला होता. कानाला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर.

"आई? काय झालं? बरी हाईस न्हवं?"

आक्कांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग वर्गात विचारावं तशा कडक स्वरात म्हणाल्या, "ते तीन आरशांचं कोडं सुटंना बघ. उजेड अर्ध्यातच तुटतोय."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तू खेळतीस, आई?" विनायकचा आवाज एकदम लहान झाला होता. "कधीपासनं?"

आक्कांनी मान खाली घातली. "तू केलास तवापासनं."