सोप्यातले धुराडे

स्वतःचे घर बांधणाऱ्याला विटा, चुना आणि लाकूड पैसे मोजून आणावे लागते. सल्ला तेवढा फुकट आणि घरपोच मिळतो. म्हणूनच कोणत्याही चांगल्या घरात सर्वांत जास्त भरणा सल्ल्याचा असतो. शहापूर पेठेतली घरे भूकंपालाही दाद देणार नाहीत असे जाणकार सांगत, ते याच आधारावर.

नागोजी विणकराचे घर मात्र बरीच वर्षे सल्ल्यावाचून उभे होते. ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, बेळगावला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते तेव्हाची गोष्ट. पुढे सोपा, सोप्यात खड्ड्याचा माग, मागे स्वयंपाकाची खोली, की घर संपले. सोप्याला रस्त्याच्या बाजूने दोन खिडक्या होत्या, कारण मागाला उजेड लागतो आणि माग घर चालवतो. मागच्या खोलीला एकही नव्हती, कारण तिथे फक्त चूल होती. नागोजीच्या आज्याने मांडलेला हा हिशेब पुढच्या दोन पिढ्यांनी तपासला नव्हता. चूल पेटली की धूर खोलीभर फिरायचा, कौलांच्या फटींतून जाईल तेवढा जायचा आणि उरलेला नागोजीच्या बायकोच्या, रुक्माबाईच्या, डोळ्यांत मुक्कामाला राहायचा.

रुक्माबाई स्वयंपाक उरकून मागासाठी कांड्या भरायची. म्हणजे रंगीत सूत लहान नळ्यांवर गुंडाळून, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यासाठी तयार ठेवायची. या कामाला डोळे लागतात. एका दिवाळीच्या तोंडावर तिने काळ्या कांड्यांबरोबर एक गर्द हिरवी दिली. नागोजीने ती न बघता धोट्यात घातली (बायकोवर विश्वास ठेवणारा माणूस होता), वेळ दिवेलागणीची होती, आणि काळ्या चंद्रकळेच्या ऐन पोटात चार बोटे हिरवी पट्टी उमटली. यमनाप्पा शेट हे पेठेतले साड्यांचे व्यापारी. त्यांनी ती साडी उलगडली, घडी घातली आणि परत दिली.

नागोजी ओरडायच्या तयारीनेच घरी आला.

"हिरवं आन काळं कळंना व्हय गं तुला?"

"न्हाय कळत," रुक्माबाई म्हणाली. "चुलीम्होरनं उठलं की तुमचं त्वांडबी कळत न्हाय. आवाजावरनं वळकते."

नागोजीने हातातली साडी खाली ठेवली.

"भिताडाला एक भोक पाडा," ती म्हणाली. "लई न्हाय, भाकरी जाईल येवडं. धूर गेला तर हायती तेवडं डोळं तरी ऱ्हातील."

नागोजी घाबरला. आंधळ्या बाईचे हाल त्याने आपल्या आईच्या रूपाने घरातच पाहिले होते, आणि तीही त्याच चुलीपुढे बसत असे. त्याने त्याच घटकेला भोक पाडायचे ठरवले. त्यासाठी कोपऱ्यातली पहार पुरली असती. पण चार माणसांना न विचारता भिंतीला हात लावणे शहापुरात असभ्यपणाचे समजतात, आणि नागोजी सभ्य होता.

चार माणसे म्हणजे तिघे जमले. पहिले शेजारचे भावकू आप्पा. बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे गोऱ्यांच्या छावणीत, साहेबाच्या बंगल्यावर बटलर म्हणून जन्म काढलेला हा मनुष्य, बंगल्याखेरीज दुसऱ्या कशालाही घर म्हणायला तयार नसे. दुसरे यमनाप्पा शेट, ज्यांना साडीतले कळत असल्यामुळे सगळ्यातले कळत असे. तिसरा आण्णाप्पा गवंडी. याचे मत नेहमी शेवटी बोलणाऱ्याच्या मताशी जुळायचे, त्यामुळे उभ्या पेठेत त्याचे कोणाशी वाकडे नव्हते. मंडळी सोप्यात सतरंजीवर बसली, चहा झाला आणि धुराच्या प्रश्नाला तोंड फुटले.

पाहणीअंती असे आढळले की मागची भिंत सामाईक असून तिच्या पलीकडे भावकू आप्पांचे देवघर आहे. देवांना धूर चालतो, पण तो उदाचा. राहिली बाजूची भिंत. ती बोळात उघडते. त्या बोळात रोज सकाळी आळीचे विणकर आपापले ताणे, म्हणजे साडीचे उभे सूत, लांबच्या लांब पसरून त्याला खळ लावतात. ओल्या खळीवर काजळी बसली तर साऱ्या आळीच्या साड्यांना सुतक लागेल. ही अडचण खोटी नव्हती. नागोजीनेही मान डोलावली.

"ताणं तर दोन घटकांत उचलत्यात," आतून आवाज आला. "तवर मी भोकाला चिंधी कोंबीन की."

ही सूचना आतून आली असल्यामुळे तिचा विचार करता आला नाही. धूर ज्याचा त्याने घरात सांभाळावा असे तत्त्व ठरले. वारा फिरला आणि नागोजीचा धूर बेळगावकडे गेला, तर संस्थानचा धूर इंग्रज सरकारच्या हद्दीत शिरेल, त्याचे काय, असा एक बारकाईचा मुद्दा भावकू आप्पांनी काढला. त्यावर पुन्हा चहा सांगावा लागला.

विचार घाईने करू नये. मंडळी त्यानंतर रोज संध्याकाळी बसू लागली. पूर्वी दोन वेळा पेटणारी चूल आता चार वेळा पेटू लागली, कारण धुरावर विचार करायला चहा लागतो आणि चहाला चूल. धूर दुप्पट झाला, हे प्रश्नाचे गांभीर्य वाढल्याचे लक्षण मानले गेले. आता सोडून चालणार नाही, असे सर्वांचे मत पडले.

पहिला उपाय यमनाप्पा शेटनी सुचवला. "हौदु, खरं हाय, पर धुराचं सोड, नागोजी. बाईला दिसत न्हाई म्हंजे काय? उजेड कमी. छप्पर बदल, मंगळुरी कौलं घाल. त्यात चुलीवर एक काचेचं कौल बशीव. लख्ख!" शेटना हे आधीच सुचले असते तर किती बरे झाले असते, असे आण्णाप्पा म्हणाला.

लोंढा जंक्शनला गाडी बदलून कौले आली. लाल, एकसारखी, एकमेकींत अशी घट्ट बसणारी की मुंगीला वाट मिळू नये. जुन्या नळीच्या कौलांतून जो थोडाफार धूर बाहेर जायचा तोही आता घरचा घरात राहू लागला. काचेच्या कौलातून उन्हाचा एक झोत थेट चुलीवर पडायचा, आणि त्या झोतात धूर किती आहे, कसा वळतो, कुठे दाटतो, हे पहिल्यांदाच स्वच्छ दिसले. मंडळींनी दारात उभे राहून ते पाहिले आणि कामात प्रगती असल्याचे मान्य केले.

"तुमास्नी धूर दिसाय लागला म्हनून तुमी खूश," रुक्माबाई पदराने डोळे टिपत म्हणाली. "मला बशी दिसंना झालीया."

ते खरे होते. चहा ओतताना ती आता कपाकडे बघत नसे. कान देऊन ओतायची, भरत आल्याचा आवाज आला की थांबायची. नागोजीने हे एकदा उंबऱ्यातून पाहिले. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. आत्ताच्या आत्ता पहार घ्यावी असे त्याच्या मनात आले. पण सोप्यात माणसे बसली होती आणि चालत्या बैठकीतून यजमानाने उठून जाणे बरे दिसत नाही. तो कप घेऊन बाहेर आला.

दुसरा उपाय भावकू आप्पांचा, आणि तो मुळापासून होता. "आरं नागोज्या, साहेबाच्या बंगल्यात धूर कुनी बघिटलाय? जाळ हुतोय आन धूर इटांच्या धुराड्यातनं वर जातोय. धुराडं बांद."

नागोजीच्या जिवात जीव आला. "चुलीवर बांदूया, आप्पा."

भावकू आप्पांना दुःख झाले. "सैपाकघरात? येडा का खुळा तू? धुराडं दिवानखान्यात असतंय. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसाय नगो व्हय?"

आप्पांचे म्हणणे अनुभवाचे होते. बंगल्याचा बबर्चीखाना मागे परसात वेगळा असे आणि बटलर हुद्द्याचा माणूस तिकडे पाऊल टाकत नसे. त्यांनी जन्मभर पाहिले ते एकच धुराडे, थंडीत साहेब ज्याच्यापुढे पाय शेकत बसे ते. दिवाणखाना म्हणजे आपला सोपा, हे आण्णाप्पाने लगेच ओळखले. पंधरवड्यात नागोजीच्या सोप्यात, मागाच्या समोरच्या भिंतीला, विटांचे धुराडे उभे राहिले. खाली कमान, कमानीवर फळी, फळीवर ठेवायला यमनाप्पा शेटनी दिलेला चिनी मातीचा वाघ.

ते धुराडे देखणे झाले होते हे शत्रूनेही मान्य करावे. शेजारच्या वडगावहून लोक ते पाहायला यायचे. पाहायला आलेल्यांना चहा द्यावा लागायचा. त्या पावसाळ्यात धुराड्यातून खाली पाणी आले, घरट्यासकट एक चिमणी आली आणि एक फाटका पतंग आला. वर काहीच गेले नाही. जायचे ते मागच्या खोलीत होते.

श्रावणातल्या एका संध्याकाळी बैठकीत फळीला पिवळा रंग द्यावा की हिरवा हा विषय चालू होता, तेव्हा आत पितळी आदळल्याचा आवाज झाला. रुक्माबाईने उकळता चहा कपाऐवजी स्वतःच्या हातावर ओतला होता. नागोजी धावला. हात मनगटापर्यंत लाल झाला होता आणि ती दुसऱ्या हाताने चाचपडत कप शोधत होती, कारण बाहेर माणसे खोळंबली होती. नागोजीला रडू आले. त्याने हातावर खोबरेल लावले आणि बाहेर येऊन सांगितले की आज चहा होणार नाही. मंडळींनी मोठ्या मनाने ते चालवून घेतले आणि उद्या येऊ, असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्माबाईने चांगल्या हाताने चूल उचलली. मातीची सुटी चूल, तिला कुठे मुळे असतात. ती तिने सोप्यात आणून धुराड्याच्या कमानीखाली ठेवली, चिनी वाघ नागोजीच्या हातात दिला आणि जाळ केला. धूर वर गेला. नागोजी बाहेर जाऊन रस्त्यावरून पाहून आला. पार कौलांच्या वर, आळीच्या ताण्यांच्या कितीतरी वर, तो निघून चालला होता.

संध्याकाळी मंडळी आली आणि दारातच थबकली. सतरंजीच्या जागी सरपण होते.

"सोप्यात चूल?" यमनाप्पा शेट म्हणाले. "आमी बसायचं कुटं?"

"मागं जागा हाय की, शेट," रुक्माबाई भाकरी थापत म्हणाली. "रिकामीच हाय."

मंडळी मागच्या खोलीत जाऊन बसली. इतक्या वर्षांत त्या खोलीत बूड टेकायची त्यांची ही पहिलीच वेळ. थोड्याच वेळात यमनाप्पा शेटचे पांढरे धोतर भिंतीला टेकून काळे झाले. आण्णाप्पाला घाम फुटला. चहा येईना, म्हणून निपाणीच्या तंबाखूच्या विड्या पेटल्या, आणि तो धूर कुठेच जाईना. भावकू आप्पांना ठसका लागला तो थांबेचना.

"आरं, हितं मानूस ऱ्हानार कसा?" डोळे पुसत ते ओरडले. "गुदमरून मरंल की! खिडकी पाड आदी!"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत आण्णाप्पाने बोळाच्या बाजूची भिंत फोडली. भाकरी जाईल एवढी नव्हे, बैल आत डोकावेल एवढी खिडकी, सागवानी झडपांची, लोखंडी गजांची. बोळातल्या ताण्यांचे काय, असे नागोजीने भीत भीत विचारले. विडीचा धूर सुताला बाधत नाही, असे यमनाप्पा शेटनी तिथल्या तिथे ठरवले. शिवाय ताणे तर दोन घटकांत उचलतात, हे त्यांच्या ध्यानात आले. तोवर झडप लावून घेता येईल, असे भावकू आप्पांना सुचले. हा तोडगा इतका सोपा होता की तो आधी कोणाला सुचला कसा नाही, याचे सर्वांना नवल वाटले.

मग शेट म्हणाले, "आता मागं झकास झालंय, नागोजी. बाईला म्हणावं, चूल ने परत. आमी सोप्यात येतो."

"म्या न्हाय जात," रुक्माबाई म्हणाली.

मंडळींनी नागोजीकडे पाहिले. नागोजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. बैठका सुरू झाल्यापासून त्याने एकही ठराव नाकारला नव्हता. त्याने धोटा बाजूला ठेवला.

"न्हाय जायाची ती," तो म्हणाला. "तुमी बसा मागं. न्हायतर आपल्या घरला बसा."

मंडळी काही दिवस मागे बसली, पण चहावाचून विचार पुढे जाईना. पुढे त्यांचा अनुभव ऐकून त्यांना पेठेत ठिकठिकाणी बोलावणी येऊ लागली. सोप्यात धुराडे असावे आणि बसायच्या खोलीला हवेशीर खिडकी असावी, असे ते आता सप्रमाण सांगत. ज्या घरी सांगत, तिथे आतून चहा येई.

रुक्माबाईच्या डोळ्यांतले गेले ते सगळे परत आले नाही. काळी आणि हिरवी कांडी अजून तिला खिडकीत उन्हाला धरून बघावी लागे. पण डोळ्यांतली लाली ओसरली. मागावर बसल्या बसल्या नागोजीने एके सकाळी तिच्याकडे पाहिले आणि तिचे डोळे पिंगट आहेत हे त्याला लग्नानंतर पहिल्यांदा कळले. तो बराच वेळ बघत राहिला, त्यात धागा तुटला.

घर बांधू इच्छिणाऱ्या सुज्ञ वाचकाला यातून घ्यायचे ते घेता येईल. त्याला नागोजीचा राग आला असेल, भावकू आप्पांचे हसू आले असेल आणि रुक्माबाईबद्दल मनापासून वाईट वाटले असेल. तसे वाटावे एवढा निवांतपणा, बसायला उजेडाची जागा आणि हाताशी कप त्याच्याजवळ होताच. तो कप मघाशी कोणीतरी आतून आणून ठेवला. कप आणणारीच्या डोळ्यांचा रंग कोणता, हे आत न डोकावता सांगता येत असेल त्याने खुशाल पुन्हा हसावे.