धूर खोटं नाई बोलत

आमच्या शेजारचे पुंजाजीकाका कुठल्याही गाडीत शिरले की आधी उदबत्ती पेटवत. नवखा माणूस त्यांना हमखास भाविक समजे. वास्तविक काकांचं देवाशी यथातथाच होतं. उदबत्ती दाराखिडक्यांच्या कडेने सावकाश फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक, वाकला की तिथे फट आहे आणि गाडी बाद. "धूर खोटं नाई बोलत, मास्तर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मास्तर म्हणजे मी. काका बुलढाण्याच्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. जन्मात कधी सायकल चालवली नाही, आणि म्हातारपणी त्यांना हवं होतं चाकांवरचं घर. साहेबलोक दौऱ्यावर जिपेमागे बांधून नेत, तसला ट्रेलर. जुना चालेल, पण आत थंडी शिरता कामा नये. जीप कुठली आणणार, असं विचारलं की म्हणत, "साळ्याचे बैल हायेत ना! बैलाले का समजते मांगं का जुंपलं थे?"

हा सगळा खटाटोप अनसूयाकाकूंसाठी. काकूंचं माहेर दुसरबीडचं. भाऊ शेतातच खोपीत राहायचा. पोरवयात काकू हुरड्याच्या दिवसांत तिथेच, कणसं भाजायच्या आगटीशेजारी, मुक्कामाला असत. पुढे दमा जडला. हिवाळ्याचा वारा लागला की छाती भरून येई, त्यामुळे शेतातला मुक्काम कायमचा सुटला. भाऊ आठवणीने हुरडा पाठवी. काकू तो तळहातावर घेऊन म्हणत, "आगटीपाशी बसून खाल्ला त हुरडा. हा बसमधी बसून बसून म्हातारा होऊन येते." एवढंच. तक्रार अशी नाहीच. पण ते ऐकलं की काका टोपी चढवून गाडी शोधायला निघत.

मी बरोबर असे, ते निव्वळ करमणूक म्हणून. खरं सांगायचं तर घरी येऊन बायकोला नकला करून दाखवायला मला मजा यायची. एका गॅरेजमागे बसचा जुना सांगाडा पडला होता, त्याला काकांनी सात फटी काढल्या. एका सर्कसवाल्याने गाडी विकायला काढली होती, तिच्यात पूर्वी अस्वल राहायचं. सर्कसवाला म्हणाला, अस्वलाला कधी सर्दी झाली नाही. काका म्हणाले, "त्याच्या आंगावर घोंगडी उपजत हाय, बाप्पा. आमचीच्या आंगावर का हाय?"

मग दिवाळीच्या सुट्टीत नांदुऱ्याचा ट्रेलर कळला. रस्त्याच्या कामावरचा कोणी इंजिनियर तो एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात सोडून गेला होता. दुहेरी लाकडी भिंती, मध्ये नमद्याचा जाड लोकरी थर, कोपऱ्यात छोटी शेगडी, खिडकीशी खाट. काका आत शिरले ते चप्पल काढून. उदबत्ती फिरू लागली. दार झालं, एक खिडकी झाली, छत झालं. धूर कसा सरळ! "मास्तर, हे तिची खाट," ते हळूच म्हणाले. "पडल्या पडल्या तिले आगटी दिसन."

शेवटची खिडकी राहिली होती. तेवढ्यात आवारातला चौकीदार दारात आला. उदबत्ती पाहून त्याने भक्तिभावाने हात जोडले आणि विचारलं, "प्रसाद काय हाय जी?"

मला हसू आवरेना. मी काकांच्या खांद्यामागेच उभा होतो. नाकातून फस्सकन श्वास सुटला आणि खिडकीपाशी धूर वाकला.

काकांची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी लगेच उदबत्ती खाली घेतली. "फट हाय," म्हणाले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. 'काका, तो मी होतो, पुन्हा पाहा,' एवढंच. पण परतीच्या बसची वेळ झाली होती, आणि हसल्याची लाजही वाटली. मी म्हणालो, "चला काका, बस जाईल." त्यांनी उदबत्ती विझवली, त्या खाटेवरची धूळ उपरण्याने पुसली आणि ते निघाले.

त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. भावाचा हुरडा आला तो तेराव्यानंतर.

संक्रांत उलटल्यावर एका सकाळी मी सगळं कबूल करायचं ठरवून त्यांच्याकडे गेलो. काका काकूंच्या फोटोपुढे बसले होते. पुढ्यात वाटीभर हुरडा, शेगडीवर नुकता गरम केलेला. त्यांनी उदबत्ती लावली. मी शेजारी टेकलो, मान खाली घातली.

"काका," मी म्हणालो, "नांदुऱ्याला..."

माझ्या बोलण्याने धूर हलला.

काका लगबगीने उठले. खिडकी लागलेलीच होती. त्यांनी तिच्या कडेवरून बोटं फिरवली, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि फट नव्हती तिथे कोंबून बसवलं.

"बोला मास्तर," ते म्हणाले. "पन जरा हळू. तिले वारा सोसत नाई."

मी तोंडावर हात धरून बसून राहिलो.