कोऱ्या चौकोनाची मोहीम, मुक्काम शॅनन

वडीलधाऱ्यांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, शॅनन मुक्कामी एका चौकोनावरोन जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत पदरचे तिखटमीठ न लाविता लिहिली असे. कमीजास्त दिसल्यास दोष कलमाचा जाणावा.

गोऱ्यांचे मुलखी शॅनन म्हणोन गाव, त्याचे विमानतळानजीक कारखान्यांची पेठ आहे, तेथे एके कारखानी काळोखातले दाखविणाऱ्या दुर्बिणी होत, आणि परदेशी माल धाडण्याचे कागद चित्राबाई नागपूरकर यांचे हाती असत. बाईंचा राहावयाचा परवाना त्याच चाकरीस बांधिलेला, खुला परवाना मिळण्यास दोन मास बाकी, आणि तोवर चाकरी गेली तर लेकीसुद्धा गाशा गुंडाळावा ऐसी गत. ऐसियात एका थोर दौलतीने आपले दोस्त अमिरास लष्करी कुमक देऊ केली आणि तीत शॅननच्या दोन हजार दुर्बिणी ठरल्या. शर्त एकच, की अमिराने हा सरंजाम आपलेच रयतेवर चालवू नये. मग माल धाडण्याचे परवानगीचे अर्जात सवाल, की शर्त पाळली जाईल याची खात्री आहे काय, आणि पुढे एक चौकोन, त्यात बाईंनी खूण करोन खाली सही द्यावी. पुरावा म्हणोन खुद्द अमिराचे पत्र, की आम्ही रयतेस लेकरांप्रमाणे वागवितो. चोराचे हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

बाईंनी अखबार चाळिले, तो अमिराचे शिपायांनी काळोखात पळती माणसे दुर्बिणीने हेरोन टिपिली, त्यात एक लेकुरवाळी, ऐसी खबर. शेजारचे मेजावरील अंबरीशपंत पुणेकर चहा घेऊन आले आणि हळूच बोलिले, "अगं, टिक मार आणि सोड. इथले म्हणतात तसं, ग्रँड होईल सगळं. दोन महिने काढ ना कसेतरी."

बाई म्हणाल्या, "मी नाही मारणार रे."

मग चौकोन कोरा ठेवोन अर्ज रवाना केला, तो संगणकाने परतविला, आणि पुनः धाडिला, तो पुनः परतविला. ऐसे सात हल्ले जाहले आणि माल गोदामी अडला. तेव्हा कारभारी डेक्लनसाहेब यांनी बाईंस पाचारिले, सारे शांतपणे ऐकिले, दोन वेळा मान डोलविली आणि बघतो ऐसे फर्माविले. बघतो म्हणजे नाही, हे नागपूरचे शेंबडे पोरही जाणते. परि गोरे लोक बोलतात तैसेच करितात ऐसी बाईंची भाबडी समजूत, म्हणोन त्यांनी होकार धरिला आणि घरी जाऊन शिरा केला.

आठवे दिवशी डेक्लनसाहेबांचे फर्मान निघाले, की चित्राबाईंचे आक्षेपाचा मान राखोन अर्ज सुधारिला असे. टाळ्या जाहल्या आणि केक कापिला. मग बाईंनी नवा अर्ज उघडिला, तो चौकोनात खूण आधीच छापील, आणि सहीचे जागी बाईंचे नावही छापील. ते पुसावयाचा बहुत यत्न केला, परि पुसेना. बाईंस लाज वाटली आणि त्यांनी केक तैसाच मेजावर ठेविला. दुर्बिणी त्याच दुपारी रवाना जाहल्या.

येणेप्रमाणे मानवी हक्कांची फत्ते जाहली. विजय चित्राबाईंचे नावे दप्तरी रुजू असे.