दाजींची रजा

आमच्या लालबागच्या चाळीत समुद्राला शेरे देणारा एकच माणूस होता. संध्याकाळी चौपाटीवरून परत आला की तो गॅलरीत उभा राहून जाहीर करी, "आज पाणी जरा पातळ होता." किंवा, "वारो बरो, पण मीठ कमी." चाळीच्या कुठल्याच खिडकीतून समुद्र दिसत नसे, दिसत ती गिरण्यांची धुराडी. त्यामुळे त्याला कोणी उलट बोलू शकत नसे.

हे दाजी पेडणेकर. मूळचे मालवणकडचे, वयाने पन्नाशीचे आणि गिरणीत बदली कामगार. म्हणजे कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी घेतला जाणारा. त्याने रोज पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं. जॉबरने, म्हणजे माणसं घेणाऱ्या मुकादमाने, नाव पुकारलं तर काम, नाहीतर घर. मे महिन्यात कायमची माणसं कोकणात गेली की दाजींना मान वर करायला फुरसत नसे. ती आंबे-फणस घेऊन परतली की दाजींची 'रजा' सुरू होई.

नाव पुकारलं गेलं नाही, असं ते कधी म्हणत नसत. गेटवरून परत आले की खांद्यावर पंचा टाकून मोठ्याने सांगत, "आज रजा घेतलंय!" समोरच्या खोल्यांतल्या बायका अगदी गंभीर चेहऱ्याने विचारत, "मिळाली का हो?"

"मिळतली नाय तर! जॉबर म्हणी होतो, दाजी, आज तरी थांब. म्हटलं, जमाचा नाय."

खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक आहे हे दाखवायचं नाही, एवढा एकच नियम ती भांडखोर चाळ एकमताने पाळत असे.

मी तिथे नवा होतो. वडील आमच्या तालुक्याच्या गावी आडतीवर हमाली करत. शाळेतल्या गुरुजींच्या कृपेने मी बी. ए. झालो आणि फोर्टात एका कचेरीत हंगामी कारकून म्हणून लागलो. दाजी मला नावाने हाक मारत नसत. नळाच्या रांगेत, जिन्यात, भर रस्त्यात, "अरे बीए!" मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

एका रविवारी त्यांनी मला गिरगाव चौपाटीवर नेलं. जाताना ट्रामच्या रुळांच्या कडेने सगळी वाट चालत. वाळूत पाय ठेवताच त्यांनी चपला काढून काखेत मारल्या. "वाळूत चपला झिजवूक मी काय शेट आसंय?" मग घरच्या मालकासारखे ते मला एकेक गोष्ट दाखवू लागले. वाळूतून देवाची मूर्ती घडवणारा माणूस, त्याच्यासमोर बसायची सावलीची जागा, लांबवर उभी असलेली आगबोट. "खंयचे खंयचे लोक गाडीभाडा भरून येतत, हाटेलात रवतत. कित्याक? ह्या बघूक! आणि आमका फुकट!"

संध्याकाळी तिथेच संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. दाजी पुढच्या रांगेत. शाहिराने डफावर थाप मारली की हे मांडीवर मारत, आणि ती मांडी पुष्कळदा माझी असे. मुंबई महाराष्ट्राला का मिळाली पाहिजे, याची वक्त्यांकडे पुष्कळ कारणं होती. दाजींकडे एकच होतं. ते शेजारच्या अनोळखी गृहस्थांना म्हणाले, "इतकी मोठी चौपाटी कोण सोडता काय हो?" कचेरीतलं कोणी पाहील या भीतीने मी मान खाली घालून बसलो होतो.

पुढे काही महिन्यांनी कचेरीने हंगामी कारकून कमी केले. त्यात मी होतो. गावी वडील आडतीवरच्या प्रत्येकाला माझ्या नोकरीचं सांगत असत. मी कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी खाणावळीचा डबा घेतला, बूट घातले आणि निघालो. दुपारी चौपाटीवर एका होडीच्या आडोशाला, कोणाला दिसू नये असा बसलो होतो. तोच पाठीमागून आवाज आला, "अरे बीए!"

धरणी दुभंगेल तर बरं, असं वाटलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"रजा घेतलंस?"

मी मान हलवली.

"मगे बूट काढ आधी. रजेर बूट घालून बसतत काय?"

ते शेजारी बसले. डब्यातली एक पोळी मागून घेतली. कचेरीविषयी एक शब्द विचारला नाही. संध्याकाळी चाळीत शिरताना मात्र त्यांनी सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बीएक रजा मिळाली! मीच घेवूक लावलंय. पोरगो सुकत चलललो!"

"बरं केलंत," समोरची बाई म्हणाली. तिचा चेहरा अगदी गंभीर होता. मी ओळखलं, आता मीही त्या नियमात आलो.

मग आम्ही रोज जाऊ लागलो. सकाळी फोर्टात मी नोकरीसाठी कचेऱ्यांचे जिने चढे. दुपारी चौपाटीवर गेलो की दाजी सावलीत जागा धरून बसलेले असत.

एका संध्याकाळी नळावर गिरणीतल्या त्यांच्याच खात्यातले सावंत त्यांना धरून बोलत होते. मी बादली घेऊन मागे उभा होतो, हे त्यांना दिसलं नाही.

"डोक्यार पडलंस काय दाजी? सकाळी तुझो नंबर लागललो. जॉबर हाका मारता आणि तू पाठ फिरवून चलललंस! उद्या परत पुकारीत काय तो?"

"हळू बोल रे. मी रजेर आसंय मां."

"कसली रजा!"

"एकटो बसता रे तो थंय," दाजी म्हणाले. "एकट्याक वायट असता ता. माका ठावक आसा."

मी बादली तशीच रिकामी परत नेली.

दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आधी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. "दाजी, माझी रजा संपली. आजपासून कामावर." नोकरी मिळालेली नव्हती. दाजी सदऱ्याची बटणं लावत होते. त्यांचा हात थांबला.

"संपली? इतक्यात?"

त्यांनी उरलेली बटणं लावली, ती एक काज चुकवून. "बरा झाला, बरा झाला," असं दोनदा म्हणाले आणि गेटवर जायला जिना उतरू लागले. अर्ध्यावर थांबून त्यांनी वर पाहिलं. या वेळी आवाज इतका हलका होता, की शेजारच्या खोलीलाही ऐकू गेला नसेल.

"आयतवारी ये मगे. आयतवारी कोण कोणाक काय इचारणा नाय."